मधोमध उभी असलेली बाई

चार वाजता दातांचे डॉक्टर स्पीकर न्यायला येणार होते, आणि तीन वाजेपर्यंत या घरात स्पीकर सोडून बाकी सगळ्या विषयांवर भांडणं होऊन गेली होती. कपाटावरून झालं, गाद्यांवरून झालं, कान तुटलेल्या पातेल्यावरूनसुद्धा झालं. या घराण्याची ही जुनीच खोड. दुखतं एकीकडे आणि मलम दुसरीकडे.

बाबा न्हाणीघरात पडले तेव्हाच ठरलं होतं की हे घर आता सोडायचं. बाबा दादाकडे, आत्या तिच्या लेकीकडे आणि सामान जाईल तिकडे. उद्या सकाळी दादा गाडी घेऊन येणार होता. बाबांनी यावर हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. त्यांचा डावा कान पार गेलेला, उजव्यात यंत्र, तेही मनात असेल तेव्हाच चालू. ज्या गोष्टीला उत्तर द्यायचं नसेल ती त्यांना ऐकूच यायची नाही. एवढीच काय ती बहिरेपणाची सोय.

दिवाणखान्यात दोन्ही स्पीकर जुन्या चादरीखाली उभे होते. कमरेएवढे उंच, अक्रोडाच्या लाकडाचे, एकेक उचलायला दोन माणसं लागावीत असे. त्यांच्यासमोर मुंगी मांडी घालून बसली होती. मुंगी म्हणजे धाकटी. आता चांगली उंचनिंच बाई झालेली, दुसऱ्या गावी रक्तपेढीत नोकरी करणारी, पण लहानपणी पडलेलं नाव पडलं ते पडलंच.

"मुंगे, ऊठ. मागच्या वायरी सोडवायच्यात," दादा म्हणाला.

"सोडव की. मी काय तुझे हात धरलेत?"

"हात नाही धरलेस, वाट अडवलीयस."

"माझ्याकडे जागा असती ना, तर तुला विचारलंही नसतं. एका खोलीत राहते मी. तुझ्याकडे तीन आहेत."

"तीन खोल्यांत आम्ही चारजण. उद्यापासून पाच. बाबांची खाट काय स्पीकरवर घालू?"

"दादा, आईने पसंत केलेत रे हे."

"मग? पडदेही आईनेच पसंत केले होते. ते फाडून फडकी केली तेव्हा कुणी रडलं नाही." दादाचं औषधांचं दुकान होतं. वस्तू जागच्या जागी नसली की त्याचं डोकं दुखायचं. "आणि ज्यांच्यासाठी घेतले त्यांनी आई गेल्यापासून ही चादर काढलीय का? एकदा तरी? ऐकू येत नाही त्यांना. तू सणासुदीला उगवतेस, तुला ते आठवणीतले बाबा दिसतात. मला रोजचे दिसतात."

हे मुंगीला लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. ती जागची उठली नाही.

स्वयंपाकघरात आत्याने हे सगळं ऐकलं. तिची उभी हयात टेलिफोन केंद्रात कानाला यंत्र लावून गेलेली, त्यामुळे भिंतीपलीकडचं ऐकणं तिला काही अवघड नव्हतं. सकाळपासून ती मनातून दादाच्या बाजूने होती. तिचं म्हणणं साधं होतं, मुकी वस्तू घरात ठेवली की माणसंही मुकी होतात. सात-आठ वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर ती इथे भावाकडे राहायला आली, तेव्हापासून त्या चादरीवरची धूळ तीच झटकत आली होती.

"आत्या, एक सांगू?" वहिनी कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत हळूच म्हणाली. "मी मापं घेऊन ठेवलीत. खिडकीखालचं माझं शिवणयंत्र हलवलं तर दोन्ही बसतात."

"अगं मग बोल की जाऊन!"

"बोलले तर हे म्हणणार, झालीस का तूपण त्यांच्यात सामील. नाही बोलले तर मुंगी म्हणणार, वहिनीनेच नाक मुरडलं असेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं."

आत्याने तिच्याकडे नीट पाहिलं. लग्न होऊन आली तेव्हापासून या मुलीला तिने शिष्ट ठरवून टाकलं होतं. माणूस ओळखायला आपण भलताच उशीर लावतो, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. हात पुसत ती गॅलरीत गेली. बाबा खुर्चीत बसून समोरच्या इमारतीकडे बघत होते.

"भाऊ," ती त्यांच्या उजव्या कानाशी ओरडली, "स्पीकर द्यायचे का ठेवायचे? तुझ्या मनात काय आहे ते एकदा बोल बाबा!"

"डॉक्टर यायचेत ना?" बाबा म्हणाले. "येऊ देत."

एवढंच. आत्या परत आली ती तणतणतच. "तुमच्या बापाने जन्मात ताकास तूर लागू दिली नाही, तो आज देणार होय!"

मुंगी हसली. दादाही हसला, नाइलाजाने. हसल्यावर तो तिच्याशेजारी जमिनीवरच बसला, पँटला धूळ लागेल याचा विचार न करता. हे त्याच्या बाबतीत मोठंच होतं.

"आठवतं तुला, किती दुकानं पालथी घातली होती बाबांनी?" मुंगी म्हणाली.

"न आठवून सांगतो कुणाला? माझे सगळे रविवार त्यात गेले. पोरं चेंडू खेळायची आणि मी बापाबरोबर खोकी बघत हिंडायचो."

पण त्याचा आवाज मऊ झाला होता. नवे स्पीकर बाबांना परवडण्यातले नव्हते, आणि परवडले असते तरी त्यांना नको होते. त्यांना जुने हवे होते, जुन्या काळच्या मोठ्या लोकांच्या घरातले, हाताने बांधलेले. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढणारा माणूस, पण रविवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा तो जणू मुलीला स्थळ बघायला निघालाय. आईची थट्टा ठरलेली. "निघाले वरसंशोधनाला. मुलगा उंच हवा, घराणं जुनं हवं आणि बोलताना नाकात बोलता कामा नये."

काखेत टॉवेलात गुंडाळलेली रेकॉर्ड असायची. कायम तीच एक. एका गाणाऱ्या बाईची, साथीला नुसता एक तंबोरा. दुकानदार आपली ढॅणढॅण वाजणारी रेकॉर्ड लावायला गेला की बाबा हात आडवा करायचे. "ढोल काय, पत्र्याच्या डब्यातही चांगला वाजतो. आमची बाई लावा."

मग परीक्षा. समोर एक खुर्ची ठेवायची, त्यात आईने बसायचं, डोळे मिटायचे, आणि बाई कुठे उभी आहे ते बोट करून दाखवायचं. मग दादाने, मग मुंगीने. बाबा शेवटी. दादाचं बोट दर वेळी कुठेतरी छताकडे जायचं. "दगडी कान आहेत याचे," बाबा म्हणायचे, आणि आई लगेच, "दगडी असू देत, दुधाला पाठवलं तर वेळेवर येतो."

"आणि तो मिशीवाला?" दादा म्हणाला. "सिनेमाघराच्या मागचा?"

"त्याला कोण विसरेल! पहिला सूर लागतोय न लागतोय तोच बाबा उठले."

त्या मिशीवाल्याने एका स्पीकरच्या वायरी उलट्या लावल्या होत्या. लालच्या जागी काळी. आवाज येत होता, दुकानातल्या कुणाला काही वावगं वाटलं नाही. बाबा मात्र उठून थेट मागे गेले, वायर सोडवली, फिरवून लावली आणि म्हणाले, "अहो, तुमची बाई घरभर सांडली होती. एक स्पीकर पुढे ढकलतोय, दुसरा मागे ओढतोय. उभी कुठे राहणार बिचारी?" मिशीवाल्याने त्या दिवशी चहा पाजला, दोनदा. स्पीकर मात्र बाबांनी घेतले नाहीत.

घेतले ते एका निवृत्त जहाज कप्तानाच्या घरचे. पुढचं कापड मांजराने ओरबाडलेलं, एका पायाखाली पुठ्ठा. आई बसली, डोळे मिटले, आणि हात उचलून सरळ समोर, दोन्ही स्पीकरच्या मधोमध बोट केलं, जिथे काहीच नव्हतं.

"ही इथे उभी आहे," आई म्हणाली. मग जरा वेळाने, "आणि हिला सर्दी झालीय."

बाबांनी ती रेकॉर्ड शंभरदा ऐकली असेल. त्यांना सर्दी कधी ऐकू आली नव्हती. ते धावत खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि हसायलाच लागले. खरंच, बाई मधूनच हलकेच नाक ओढत होती. भाजीच्या टेंपोतून स्पीकर घरी आणताना आई दोघांच्या मध्ये पाय रोवून बसली होती आणि रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होती, "आमचे जावई आहेत. दोन्ही."

"शेवटी जावईच निघाले, वीस वर्षं घरात बसून खाल्लं," दादा म्हणाला. मुंगीने त्याला कोपराने ढोसलं. दोघांनाही आई एकदमच आठवली होती.

घंटी वाजली.

दातांचे डॉक्टर हौशी गृहस्थ होते, आणि तयारीचे. घरच्या प्लेअरचा रबरी पट्टा कधीच गळून गेला असणार हे ओळखून ते आपला प्लेअर आणि ॲम्प्लिफायर बरोबर घेऊन आले होते. "न ऐकता नेणार नाही मी. रागावू नका," ते म्हणाले.

"बाबांना आवडले असते तुम्ही," मुंगी म्हणून गेली. बाबा दारातच उभे होते, जिवंत. तिने जीभ चावली.

तिनेच चादर काढली. डॉक्टरांच्या ॲम्प्लिफायरला वायरी लावताना तिला लाल दोरा दिसला. वायरीचे दोन्ही पदर दिसायला सारखे, म्हणून आईने शिवणाच्या डब्यातला लाल दोरा प्रत्येक वायरीच्या एकेका पदराला, दोन्ही टोकांना, गाठ मारून बांधला होता. दोरा लालला लावायचा, की चूक होत नाही. मुंगीने तसंच लावलं. मग कपाटातून टॉवेलातली रेकॉर्ड काढली.

बाई गायला लागली. मुंगी सवयीने खुर्चीत बसली, डोळे मिटले, हात उचलला. हात तसाच राहिला.

बाई कुठेच नव्हती. आवाज येत होता, पण भिंतीतून, पडद्यातून, डोक्यामागून आल्यासारखा, पातळ, पोकळ. म्हणजे दादाचंच खरं. स्पीकरही संपले.

"जुनी वस्तू आहे," डॉक्टर भिडस्तपणे म्हणाले. "उतरते आवाजाला."

"दादा," मुंगी डोळे न उघडता म्हणाली, "ही घरभर सांडलीय."

"काय?"

"मिशीवाल्याच्या दुकानातली गंमत! थांब."

ती डाव्या स्पीकरच्या मागे शिरली. उजव्याच्या वायरीला लाल दोरा होता, बरोबर लाल जागी. डाव्याच्या टोकाला दोराच नव्हता. टोक नीट, सरळ, स्वच्छ कापलेलं होतं आणि पदर उलटे लावलेले होते.

दादाने ते टोक पाहिलं. कात्री त्याला आठवली. आई गेल्यानंतर महिनाभराने बाबांना जरा बरं वाटावं म्हणून त्याने दुकान बंद ठेवून हा दिवाणखाना स्वतःच्या हाताने रंगवला होता. वायरी सोडवून ठेवल्या. एका टोकाच्या दोऱ्यावर रंग सांडला, तो वाळून कडक झाला, घाण दिसायला लागला. त्याने तेवढं टोक कापून टाकलं. चांगलं सोलून, साफ करून परत लावलं. कुठला पदर कुठे, याचा विचारही त्याच्या मनात आला नव्हता. कामाचा माणूस तो. घाण दिसली की काढून टाकायची.

मुंगीने पदर फिरवून लावले. परत खुर्चीत बसली. बाबा आता तिच्या समोर येऊन उभे राहिले होते, दोन्ही स्पीकरच्या मध्ये नव्हे, थोडे बाजूला, तिचा चेहरा दिसेल असे. रेकॉर्ड पहिल्यापासून सुरू झाली.

मुंगीचा हात उचलला गेला आणि बोट सरळ समोर, मधोमध थांबलं. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"इथे उभी आहे, बाबा." तिने डोळे उघडले आणि बाबांना ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश म्हटलं, "हिला सर्दी झालीय."

बाबांनी यंत्र चाचपलं. एका स्पीकरपाशी गेले, उजवा कान लावला, मग दुसऱ्याला लावला. मग उभे राहिले. एका कानाला मध्य कळत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"वायर उलटी होती?" त्यांनी विचारलं.

मुंगीने मान हलवली.

"आई गेल्यावर मी एकदा लावली होती रेकॉर्ड," बाबा म्हणाले. बहिऱ्या माणसासारखे ते एरवी मोठ्याने बोलत, आज अगदी हळू बोलले. "बाई दिसेना. कानाच्या डॉक्टरने त्याच आठवड्यात सांगितलं होतं की डावा उतरायला लागलाय. मला वाटलं, उतरला. वायर बघावी असं मनातसुद्धा आलं नाही. म्हटलं, ही गेली, बाईपण गेली, आता कुणासाठी ऐकायचं? आणि झाकून टाकलं." ते थांबले. "म्हणजे तेव्हा माझा कान चांगला होता. आणखी दोन-तीन वर्षं ऐकता आलं असतं."

बाई गात होती. डॉक्टरांनी हात लांब करून सुई उचलली.

"कुणी सोडवल्या होत्या वायरी?" बाबांनी विचारलं.

दादा त्या कापलेल्या टोकाकडेच बघत होता. वहिनीला सगळं कळलं. नवऱ्याचा चेहरा वाचायला तिला ओठ लागत नव्हते. आत्यालाही कळलं. उद्यापासून भावाला याच मुलाच्या घरी राहायचंय, त्याच्या हातचं पाणी प्यायचंय, हा हिशेब तिने डोळ्यांची पापणी लवायच्या आत केला.

"मी," आत्या मोठ्याने म्हणाली. "झाडताना निघाली, मी लावली परत. मला काय कळतंय त्यातलं?"

बाबांनी बहिणीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तू तेव्हा इथे राहायला कुठे आली होतीस?"

आत्याने मान खाली घातली.

"डॉक्टर, माफ करा," दादा एकदम बोलला. "स्पीकर द्यायचे नाहीत. मी नेतो घरी. खाट हलवीन, कपाट विकीन, काय वाटेल ते करीन."

"माझं शिवणयंत्र हलवलं की बसतात," वहिनी लगेच म्हणाली. "मी माप घेतलंय."

मुंगी वहिनीकडे बघतच राहिली.

"काय म्हणतोय तो?" बाबांनी तिला विचारलं.

"द्यायचे नाहीत म्हणतोय. घरी नेऊया म्हणतोय, बाबा."

सकाळपासून कपाट-गाद्यांच्या आडून ती याचसाठी भांडत होती. आता तिने बाबांकडे पाहिलं आणि तिला कळलं की हे होणार नाही.

"नको," बाबा म्हणाले. "घरात ते दिसत राहतील, आणि मी रोज तीच दोन-तीन वर्षं मोजत बसेन. तोही बसेल. यांना दोन कानांच्या माणसाकडे जाऊ दे." मग डॉक्टरांकडे वळून, "आमची बाई पण न्या. पण आधी लाल दोरा बांधा. नाहीतर चुकतं. कुणाचंही चुकतं."

आईचा शिवणाचा डबा कुठल्या खोक्यात गेला होता ते वहिनीलाच ठाऊक होतं. तिने काढून दिला. मुंगीने डाव्या वायरीच्या टोकाला दोरा बांधला, दोन गाठी मारून. खाली टेंपो लागला. डॉक्टर आणि टेंपोवाल्याने उजवा उचलला. डाव्याला एका बाजूने मुंगी आणि दुसऱ्या बाजूने दादा लागला. दादाला समोरचं नीट दिसत नव्हतं, तो जिन्यात दोनदा आपटला, पण त्याने कुणाला हात लावू दिला नाही.

वर आला तेव्हा बाबा भिंतीपाशी उभे होते. इतकी वर्षं डावा स्पीकर जिथे होता तिथला रंग अजून ताजा, फिकट पिवळा होता, बाकी भिंत मळून गेली होती. बाबा त्यावरून हात फिरवत होते.

दादा त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला, ओठ दिसतील असा. बोलायला लागला, पण बाबांनी दुसरा हात वर करून त्याला थांबवलं. यंत्र कानातून काढलं आणि खिशात ठेवलं.

"रंग छान बसला होता हं," बाबा म्हणाले. "तेव्हा तुला सांगायचं राहून गेलं."